बँकॉकात भरलेली गाडी

श्रीरामपूर-नेवासा रस्त्यावर रखमाजी वडापची जीप चालवायचा आणि त्याची बायको भागिरथी ती भरायची. नवराबायकोनं धंदा असा वाटून घेतला होता. मागच्या पायरीवर लोंबकळत ती ओरडायची, "ए मावशे, सरक की जरा! तितं काय घर बांधती का?" आणि बघता बघता जिथं मुंगीला जागा नाही तिथं दोन बाप्ये आणि एक शेळी बसलेली असायची. रिकामी सीट म्हणून बाईला बघवायची नाही.

तर अशी ही भागिरथी नव्व्याण्णव साली बँकॉकला गेली! हसू नका, खरंच गेली. तिच्या गावच्या, बेलापूरच्या विहारातल्या बायकांनी बुद्धाला मानणारा देश बघायचा म्हणून कित्येक वर्षं भिशी लावली होती. बरोबर पुढारी म्हणून आसाराम गुरुजी, रिटायर झालेले मास्तर. निघताना भागिरथीच्या लेकीनं, प्रज्ञानं, आईच्या रुमालावर लाल दोऱ्यानं इंग्रजी अक्षरं भरून दिली.

"कागद तू हरवशील," प्रज्ञा म्हणाली. "कुठंबी इंटरनेटचं दुकान दिसलं की ह्यो रुमाल दाखव. तुझ्या नावाचा ईमेल काढलाय मी, त्याचा पत्ता अन् पासवर्ड ह्यावर भरलाय. नगरला कम्प्युटर क्लासात आपल्या गावचा महेंद्र हायच, त्यो आमचं कळवील."

भागिरथीनं रुमाल कमरेला खोवला आणि विसरून गेली. बँकॉकात बघायला काय कमी होतं? सोन्याच्या मूर्ती बघून तिचे डोळे दिपले, रस्ते बघून तोंड उघडं पडलं. एवढे गुळगुळीत रस्ते आणि एकाही टॅक्सीच्या टपावर माणूस नाही!

मग शुक्रवारी सकाळी हॉटेलात तिला फोन आला. पलीकडे रखमाजी, एसटीडी बूथमधून जीव खाऊन ओरडत होता.

"जय भीम! अगं, प्रज्ञाचं रेल्वेचं पत्र आलं! नोकरी लागली तिला! सोमवारी भुसावळला हजर व्हायचंय."

"अगं माझी बाय!" भागिरथी अशी किंचाळली की काउंटरवरचा पोरगा उठून उभा राहिला.

"पर एकटी पोरगी, परकं गाव... तू ये, मंग बघू—"

आणि फोन तुटला. परत लावून लावून बोटं दुखली, पण लाइन लागेना.  रखमाजी माणूस सोन्यासारखा, पण त्याचं "मंग बघू" भागिरथीला पुरतं ठाऊक होतं. याच "मंग बघू"त थोरल्या लेकाचं, प्रवीणचं आयटीआय बुडालं होतं. बाया घरी पोचणार बुधवारी, आणि नोकरी थांबणार सोमवारपर्यंत. त्याआधी आपला शब्द बेलापुरात गेला पाहिजे, नाहीतर पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास गेला!

तिला कमरेचा रुमाल आठवला. तो घेऊन ती गुरुजींकडे धावली. गुरुजी म्हणाले, "आज मोठा विहार बघायचा आहे बाई. संध्याकाळी बघू."

"बघा, तुमीबी बघतच बसा!" म्हणाली आणि तरातरा रस्त्यावर जाऊन पहिल्या टॅक्सीला हात केला.

टॅक्सी एकदम झोकात. गार हवा, मऊ गादी. तिनं ड्रायव्हरच्या नाकासमोर रुमाल नाचवला. त्यानं रुमाल चाचपला, मोठ्या खुशीनं मान हलवली आणि गाडी सोडली ती थेट नेऊन उभी केली कापडाच्या दुकानापुढं! आत मालक हात जोडून उभा, मागं रेशमाची ठाणं.

"अरे मुडद्या, रुमाल घ्यायचा न्हाई मला, रुमाल वाचायचाय!" भागिरथी कडाडली. मालकानं घाबरून आणखी एक ठाण उलगडलं. ती पाय आपटत परत टॅक्सीत बसली. आता ड्रायव्हरलाही कळेना कुठं जायचं. थोडं पुढं जातात तो गाड्यांची ही गर्दी. सगळं ठप्प. तिथंच दुपार झाली. मीटर तेवढा पळतोय, आणि मागच्या एवढ्या मोठ्या सीटवर ती एकटी!

तिला ते बघवेना. रस्त्याकडेला पांढरा शर्ट, काळा स्कर्ट घातलेली एक कॉलेजची पोर उन्हात उभी होती. भागिरथीनं दार उघडलं. "ये बाई, बस! जागा हाय!" पोरगी बावचळली. भागिरथीनं दंडाला धरून तिला आत ओढलं. पाठोपाठ फुलांची टोपली घेतलेली एक म्हातारीही. "सरक गं, आजीला घे." ड्रायव्हर मागं वळून त्याच्या भाषेत काय काय बडबडला. भागिरथी त्याला म्हणाली, "गप ऱ्हा, तुझाच धंदा करतीय." म्हातारीला काय वाटलं कोण जाणे, ती खुदकन हसली, आणि तिचं बघून ड्रायव्हरही हसायला लागला.

आता रुमाल पोरीपुढं आला. तिनं लाल अक्षरांवरनं बोट फिरवलं आणि ओरडली, "इंटरनेट!"

"व्हय, व्हय! त्येच! त्येच मेलं!" भागिरथीनं तिचे गालच कुस्करले.

पोरीनं ड्रायव्हरला रस्ता सांगितला. दुकान एका गल्लीत निघालं. तिघीही आत शिरल्या. पोरीनं रुमाल बघून बघून अक्षरं दाबली. मशीन बराच वेळ कण्हलं आणि मग पडद्यावर पत्र आलं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. भागिरथीला मराठीच जेमतेम वाचता यायचं. पण पोरगी हुशार, ती मोठ्यानं वाचायला लागली. तिला कळत एक शब्द नव्हता, आणि तिच्या त्या गात्या, हेल काढलेल्या आवाजात भागिरथीला सगळं कळत होतं! एका तिऱ्हाईत मुलुखात, तिऱ्हाईत पोरीच्या तोंडून तिची लेक बोलत होती.

"आई, मी प्रज्ञा. नगरहून महेंद्रच्या क्लासातून लिहितेय. बाबा म्हणाले आई येऊ दे. मी म्हटलं, न्हाई. दोन घास जेवले न्हाईत बाबा. मग स्वतःच जीप काढून मला नगरला घेऊन आले. आता रेल्वे स्टेशनला सोडतायत. तुझा निरोप येईपर्यंत मी भुसावळच्या गाडीत असेन. तू रागावशील म्हणून भ्या वाटतंय. रागावू नको, आई."

पोरगी थांबली. भागिरथीनं खुणेनं परत वाच म्हणून सांगितलं. परत ऐकलं. सकाळपासून जिवाचा आटापिटा करून तिनं एक शब्द जपून आणला होता, लेकीला "जा" म्हणायचा. आणि लेक तो न मागताच निघाली होती!  भागिरथीच्या मनात असा काही आनंद उसळला की ती रडायलाच लागली, आणि रडता रडता दुकानभर ऐकू जाईल असं हसायला लागली. म्हातारी टोपलीतली फुलं तिच्या ओंजळीत ठेवू लागली.

पोरीनं दोन्ही हात अक्षरांवर ठेवले आणि मान वर केली. आता तू बोल, मी लिहिते.

भागिरथीनं पदरानं नाक पुसलं. पोरीला ऐकून ऐकून लिहिता यावं म्हणून एकेक शब्द सुटा सुटा, सावकाश बोलली.

"माझ्यासाठी थांबली असतीस ना भवाने, तर घरी येऊन लई मारलं असतं तुला."