ग्लेनिसचा निळा स्वेटर

नॉरिस अ‍ॅक्रॉइडची बायको घर सोडून गेली, आणि ही गोष्ट त्याने तीन वर्षं कुणालाही कळू दिली नाही. निदान त्याची तशी समजूत होती.

यॉर्कशायरातल्या त्या लहानशा गावात टॅनरी स्ट्रीट म्हणजे एक अरुंद गल्ली. घराला घर चिकटलेलं, मागच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. इथे एकाला शिंक आली की शेजारी रुमाल शोधायला लागतो. असल्या गल्लीत बायको गेल्याचं लपवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण नॉरिस हट्टाला पेटला होता. चौतीस वर्षं त्याने बस चालवली, एका प्रवाशाला कधी चुकीच्या थांब्यावर उतरवलं नाही, आणि घरची बायकोच मधे उतरून गेली! नाचाच्या वर्गातला कुणी जोडीदार होता, त्याच्याबरोबर ती समुद्रकाठी राहायला गेली. त्या माणसाचं नाव नॉरिस घेत नसे, तेव्हा आपणही घ्यायला नको.

जाताना ग्लेनिसचा एक निळा स्वेटर दारामागच्या खुंटीवर राहिला. बस्स, नॉरिसला तेवढा पुरला. दर सोमवारी, गल्लीच्या धुण्याच्या दिवशी, तो स्वेटर धुऊन स्वतःच्या शर्टांशेजारी दोरीवर घाली. अंगावर एकदाही न चढलेला स्वेटर दीडशे वेळा धुतला गेला. संध्याकाळ झाली की वरच्या खोलीत दिवा. नाताळच्या कार्डांवर दोघांच्या सह्या. दाराची घंटा वाजली की आधी जिन्याकडे तोंड करून मोठ्याने हाक, "राहू दे गं ग्लेनिस, मी बघतो!"

शेजारच्या मिसेस थ्रेलफॉल दर रविवारी भिंतीवरून दोन वाट्या पुढे करत. रुबार्बच्या आंबट देठांचा भाजलेला गोड क्रम्बल, वर गरम कस्टर्ड.

"एक तुझी, एक ग्लेनिसची. कशी आहे रे ती?"

"मजेत. जरा डोकं दुखतंय, पडलीय वर."

मग आत जाऊन नॉरिस दोन्ही वाट्या चाटूनपुसून खाई. तीन वर्षं दर रविवारी ग्लेनिसचं काही ना काही दुखत होतं.

असंच चाललं असतं, पण नोव्हेंबरात घर गरम ठेवणारा बॉयलर मेला. दुरुस्तीवाल्याने अकराशे पौंड सांगितले. नॉरिस दोन कोट चढवून टोस्ट खाऊ लागला, टोपी घालून झोपू लागला. चौथ्या दिवशी अंगठा बधिर झाला, तेव्हा त्याने घरपट्टीचा कागद पायाभोवती गुंडाळायला घेतला आणि त्याच्या मागचा बारीक मजकूर आयुष्यात पहिल्यांदा वाचला. घरात एकच प्रौढ माणूस राहत असेल तर घरपट्टीत पाव हिस्सा सूट. जोडीदार सोडून गेला असेल आणि ते सिद्ध करता आलं, तर तो गेल्याच्या तारखेपासूनची मागची सूटही परत.

त्याने बोटांवर हिशेब केला. तीन वर्षांचे झाले जवळपास अकराशे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण इथे मूठ उघडली तर बॉयलर मिळत होता!

त्याने अर्ज भरला. दुसरी व्यक्ती केव्हा गेली, या रकान्यासाठी त्याला आठवावं लागलं नाही. अकरा ऑक्टोबर, मंगळवार. वेळ विचारली नव्हती, तरी त्याने लिहिली: दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. पुढे 'चहाचं आधण ठेवलं होतं, दोघांचं' एवढं लिहिलं आणि मग ते खोडलं.

पंधरा दिवसांनी घरपट्टीच्या कचेरीतले क्रॅबट्री नावाचे गृहस्थ चौकशीला आले. त्यांनी घंटा वाजवली, आणि बंद दारातून त्यांना स्वच्छ ऐकू आलं, "राहू दे गं ग्लेनिस, मी बघतो!"

बोंबला! नॉरिसने दार उघडलं तेव्हा क्रॅबट्रींची पेन्सिल चालू झाली होती.

"वर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग हाक कुणाला मारलीत?"

"कुणालाच नाही. सवय आहे."

"नसलेल्या माणसाला हाक मारायची?"

"हो. रोज मारतो."

क्रॅबट्री जिना चढून वर गेले. खोली रिकामी, दिवा चालू. खाली येऊन मागच्या अंगणात डोकावले, तर दोरीवर निळा स्वेटर.

"हा कुणाचा?"

"बायकोचा."

"तीन वर्षांपूर्वी गेल्या त्यांचा?"

"हो."

"ओला आहे."

"आज सोमवार आहे ना!" नॉरिस म्हणाला.

क्रॅबट्रींनी वही मिटली. "अ‍ॅक्रॉइडसाहेब, वीस वर्षं मी या कामात आहे. घरात असलेली बायको लपवणारे ढिगाने पाहिले. नसलेली बायको दाखवणारे तुम्ही पहिलेच. आठवड्याभरात शेजाऱ्याचं लेखी आणा, नाहीतर अर्ज फेटाळला समजा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तीन वर्षं ज्या बाईला सांगितलं की बायको आहे, तिच्याकडूनच लिहून आणायचं होतं की ती नाही. नॉरिस सहा दिवस गारठत बसला. भिंतीपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. सातव्या दिवशी, नाइलाजाने, मिसेस थ्रेलफॉलच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. थंडीबद्दल बोलला, रुबार्बबद्दल बोलला, पुन्हा थंडीवर आला.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस," विणकामातून मान वर न करता त्या म्हणाल्या. "बोल."

"ग्लेनिस... ती इथे नसते. तीन वर्षं झाली."

"अगोबाई! मग त्या दिवशी टॅक्सीत बॅगा चढवायला मी कुणाला मदत केली?"

नॉरिस मटकन खुर्चीत बसला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला, समोरच्यांना, पोस्टमनला. कोपऱ्यावरच्या मांजरालाही असेल."

"आणि तरी दर रविवारी विचारायचात, कशी आहे म्हणून?"

"तू सांगायचास किती रंगवून! मागे तू तिला गोवर आणलास, तेव्हा मी घरात येऊन पोट धरून हसले रे."

नॉरिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला, लाज वाटली, आणि एकदम रडूही आलं. टोपीने डोळे पुसत तो म्हणाला, "मग बोलला का नाहीत?"

"तुझं दुःख, तू सांगायचं. मी कशी काढू तुझ्या तोंडातून? तू येशील म्हणून वाट पाहत होते. एवढी तीन वर्षं लावशील असं नव्हतं वाटलं." त्यांनी सुया बाजूला ठेवल्या. "आण तो कागद. मिस्टर थ्रेलफॉल वारल्यापासून मलाही ती सूट आहे, मला ठाऊक आहे कसं लिहायचं ते."

त्यांनी लिहिलं ते असं: 'ग्लेनिस स्वेटर उलटा करून खालच्या कडेला चिमटे लावत असे. गेली तीन वर्षं हा स्वेटर खांद्यांना चिमटे लावून वाळतोय आणि त्याच्या दोन्ही खांद्यांना शिंगं फुटली आहेत. ग्लेनिस घरात असती तर तिने असं एक सोमवारही चालू दिलं नसतं. खाली सही करणारी शेजारीण हे रोज पाहते आणि तिचा जीव वर-खाली होतो.'

क्रॅबट्री पुन्हा आले. त्यांनी स्वेटरचं एक शिंग बोटाने दाबून पाहिलं, ते परत वर आलं. आठवड्याने पत्र आलं: सूट मंजूर, अकरा ऑक्टोबरपासून. बॉयलर बसला. निळा स्वेटर धर्मादाय दुकानात गेला, आणि सोमवारी दोरीवर नुसते शर्ट लटकले. गल्लीत कुणी अवाक्षर काढलं नाही.

रविवार आला. आता वाटीही एकच येणार, नाही का? दुसरी वाटी ग्लेनिसच्या नावाची, आणि ग्लेनिस तर सरकारदरबारीही गेली. भिंतीकडे जायला त्याचा पाय उचलेना. उबदार घरात तो कोट घालून बसून राहिला.

इतक्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. नॉरिसने जिन्याकडे पाहून तोंड उघडलं, मग मिटलं, आणि गप जाऊन दार उघडलं. बाहेर मिसेस थ्रेलफॉल. हातात दोन वाट्या.

"ही दुसरी... ग्लेनिसची?" त्याने विचारलं.

"ग्लेनिसची कसली डोंबलाची? माझी आहे ती. अकरा वर्षं एकटी खातेय मी रविवारी. सरक, ऊब बाहेर चाललीय." त्या आत शिरल्या, टेबलावर वाट्या मांडल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "पण आठ वाजता घरी जाईन हं. त्या क्रॅबट्रीला कळलं तर तुझी सूट जाईल, आणि माझीही."