दीड किलो दाब

ईट गावच्या शेतात सीताफळाला ठिबक बसवलं, तेव्हा मेकॅनिक फोनवर म्हणाला, "दाब दीड किलो ठेवा." पुस्तिकेत सगळे आकडे बारमध्ये आणि फिल्टरवरच्या मीटरवर नुसते पौंड. अरे, पाणी एकाच विहिरीचं, मग त्याच्या दाबाला तीन-तीन मापं कशाला? भर उन्हात मोबाइलवर हिशेब करत बसलो. चौदानं गुणायचं का भागायचं, तेच कळेना. अंदाजानं व्हॉल्व्ह फिरवावा, तर दाब वाढून नळ्या निसटायच्या. तिकडं शेवटच्या झाडापाशी उभे असलेले वडील सारखे ओरडत होते, "किती झाला रं?"

शेवटी एकवीस पौंड निघाले. व्हॉल्व्हला हात घातला आणि लाईट गेली. काटा खाली बसला.

"किती झाला रं?"

"शून्य!" मी खेकसलो. "आता कशातबी मोजा!"