लग्नपत्रिकेच्या पाठीवरचे प्रश्न

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. घरी कुणाची दृष्ट काढायला लागले की मी हसत हसत दुसऱ्या खोलीत निघून जायची. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही. फक्त एक आधीच सांगते - एका माणसाची चारचौघांत अब्रू गेली, आणि ती गेली याचा मला आजही आनंद आहे. त्याच दिवशी माझीही गेली. तेही लिहिणार आहे.

मी रेणुका, बेंगळुरूची. आमचं घराणं इथे तीनशे वर्षांहून जास्त काळ आहे, त्यामुळे माझ्या मराठीत कुठे कन्नड डोकावलं तर सांभाळून घ्या. यशवंतपूरला, मार्केटच्या बाजूच्या रस्त्यावर, पंप-मोटारींच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक क्लास आहे. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी तिथे करून घेतात. क्लासचं नाव लिहीत नाही. मालकाला आम्ही सर म्हणायचो, इथेही सरच म्हणते. मी तिथे चार वर्षं स्पीकिंग शिकवत होते. खिडकी उघडली की कांद्याच्या गोण्यांचा वास, बंद केली की उकाडा - अशी आमची खोली.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी - बोलण्याच्या भागात तुमच्या हातात एक कार्ड देतात. तुम्हाला आवडलेल्या माणसाबद्दल सांगा, एखाद्या प्रवासाबद्दल सांगा, असं काहीतरी. एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटं सलग बोलायचं. अडखळलात की मार्क गेले.

क्लासमध्ये हा भाग खरं तर सुमती अक्काचा होता. आमच्यात मोठ्या बाईला अक्का म्हणतात आणि अक्काला अगं-तुगंच करतात. मत्तीकेरेला राहायची, शाळेतून रिटायर झालेली, एकटी. मी शाळेत होते तेव्हापासून तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून इंग्रजी शिकले. घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका ती जमवायची, कात्रीने दोन भाग करायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहायची. जाड कागद, टिकतो म्हणायची. अशी चारशेच्या वर कार्डं तिने एका साडीच्या खोक्यात ठेवली होती. तुम्ही बोलायला लागलात की घड्याळ बघत बसायची, आणि बरोबर दोन मिनिटं झाली की पेनाने स्टीलच्या ग्लासवर दोनदा वाजवायची. टण टण. मग वाक्य अर्धं असो की पूर्ण, थांबायचं.

तीन वर्षांपूर्वी सरांना पुस्तक काढायचं होतं. त्यांनी ती कार्डं मागितली. अक्का म्हणाली, नाव माझं घालणार असाल तर सरी, चालेल, घ्या. तो विषय तिथेच थांबला. मग एका मंगळवारी, दुपारी दोनच्या बॅचला, सर खोलीत आले आणि म्हणाले की क्लासचं मटेरियल इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या दुसऱ्या क्लासला जातंय अशी तक्रार आली आहे. त्यांनी अक्काची पिशवी उचलली आणि अकरा मुलांसमोर टेबलावर उपडी केली. बीपीच्या गोळ्या, स्वेटर, अवलक्कीचा, म्हणजे पोह्यांचा डबा, आणि कार्डांचे दोन गठ्ठे. सरांनी कार्ड उलटून बघितलं. पाठीवर मराठी. सरांना मराठी येत नव्हती. ते कार्ड माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "हे काय लिहिलंय? ही कार्डं कुणाची?"

ती पत्रिका आमच्या घरची होती. माझ्या अण्णाच्या, मोठ्या भावाच्या लग्नाची. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'... खाली माझ्या आई-वडलांची नावं. मीच ती अक्काला नेऊन दिली होती, कॉलेजात असताना, सरांना भेटायच्या कितीतरी आधी.

मी म्हणाले, "माहीत नाही सर. काहीतरी रद्दी असेल."

का म्हणाले? मला मास्टर्सला जायचं होतं आणि शिकवण्याच्या अनुभवाचं शिफारसपत्र सर देणार होते. एवढंच. भीती वगैरे मोठे शब्द वापरत नाही. अक्काने माझ्याकडे बघितलं, गोळ्या आणि डबा पिशवीत भरला आणि गेली. कार्डं तिथेच राहिली, क्लासच्या कपाटात ठेवलेलं तिचं खोकंही. आठ महिन्यांनी ती हार्टने गेली. मी तिच्या घरी गेले होते, पण गेटच्या बाहेरच उभी राहिले. आत जायचं तोंड नव्हतं.

सरांचं पुस्तक आलं. आत अक्काचे प्रश्न, वर सरांचा फोटो. तेवढ्यावर भागलं नाही. मुलांना पाठ करायला सरांनी एक तयार उत्तर लिहिलं, कुठल्याही कार्डाला बसेल असं. विषय - मला घडवणारी शिक्षिका. त्यात सगळी अक्का घातली होती. सुती साडी, स्टीलचा ग्लास, लग्नपत्रिकांची कार्डं. पालकांना ते फार आवडायचं. शेवटचं वाक्य होतं, आता त्या मॅडम विश्रांती घेण्यासाठी निवृत्त झाल्या आहेत. मेल्यावरही या माणसाने तिला कामाला लावलं होतं. ते उत्तर मुलांकडून घोटून घेताना माझ्या तोंडात कडू यायचं... पण घोटून घेत होते मीच. सरांच्या सहीला मुहूर्त लागत नव्हता, ते पत्र दर वर्षी पुढच्या वर्षावर जात होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये, एका गुरुवारी दुपारी साडेतीनला हे सुरू झालं. चेतन नावाचा इंजिनिअर होता, एमएसला जायचं होतं. अक्का गेल्यानंतर कितीतरी महिन्यांनी आलेला, तिला कधी बघितलेलंही नाही. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं. तो धडाधड पाठ केलेलं म्हणत होता. शेवटच्या वाक्याशी आला आणि त्याचा वेग एकदम कमी झाला. शांतपणे, त्याच्या नेहमीच्या इंग्रजीहून कितीतरी चांगल्या इंग्रजीत म्हणाला - ती विश्रांती घ्यायला गेली नाही. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, कसं झालं मॅडम? मी रेकॉर्डिंग ऐकवलं. तो गोंधळला. हे मी म्हटलेलं नाही म्हणाला. आवाज तर त्याचाच होता.

जुन्या बॅचच्या कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल, असं मी धरून चालले. शनिवारी भव्या आली. नर्स, रात्रपाळी करून क्लासला यायची, कुणाशी बोलायलाही तिला वेळ नसायचा. तिने तेच वाक्य म्हटलं आणि पुढचं एक जोडलं - तिची पिशवी अकरा मुलांसमोर टेबलावर उपडी केली.

अकरा. ती बॅच केव्हाच पांगली होती, तो आकडा आता मला आणि सरांनाच माहीत होता.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम सरांनाच परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं. एक मुलगा कच्चा आहे, स्वल्प, म्हणजे थोडं, तुम्हीच ऐका म्हटलं. देवनहळ्ळीहून बसने येणारा मुलगा होता. त्याने ती दोन वाक्यं म्हटली आणि तिसरं म्हटलं - तिच्याच हातच्या कार्डांना चोरीचा माल म्हटलं. सरांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी समोरून बघितला. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी घरी जाताना मी मिठाई घेऊन गेले. आई म्हणाली, काय विशेष? काही नाही म्हटलं.

सर माझ्यावर उखडले. हे सगळं तूच पढवतेस म्हणाले. मग त्यांनी ते उत्तर बंद करून नवीन लिहिलं, आजोबांच्या पेरूच्या बागेचं. त्यात शिक्षिका नाही, कार्डं नाहीत. सोमवारी एका मुलीने पेरूची बाग सुरू केली, झाडं झाली, आजोबा झाले... आणि वेग कमी झाला. आता वाक्यं चार झाली होती. चौथं होतं - मग त्याने तिथल्या तरुण शिक्षिकेला विचारलं, ही कार्डं कुणाची?

तेव्हा मी रेकॉर्डिंग बंद केलं. इतके दिवस मी मजा बघत होते. दर वेळी एक वाक्य पुढे सरकतंय हे दिसत होतं, पण ते कुणाकडे सरकतंय याचा विचार केला नव्हता. पाचवं वाक्य माझं होतं.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी पालकांसाठी सरांचा डेमो होता. जवळच्या एका कल्याण मंटपाचा, म्हणजे मंगल कार्यालयाचा, जेवणाचा हॉल घेतला होता, ऐंशी-नव्वद पालक येणार होते. रद्द करणं शक्य नव्हतं. सरांनी डोकं चालवलं आणि स्टेजवर बोलायला स्वतःच्या बहिणीची मुलगी निवडली, मेघना. तिला घरी स्वतः शिकवलं, विषय नदीवरच्या सहलीचा. मला तिच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. पण हॉलमध्ये हजर राहा म्हणाले, डेमो झाला की पत्रावर सही करतो. मी गेले. पत्रासाठी गेले, आणि सरांचं तोंड बघायलाही गेले. दोन्ही खरं आहे.

मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले. लोक कागदी कपांतून कॉफी पीत होते. मेघना छान बोलत होती. नदी, गोल नाव, भिजलेले कपडे... पालक हसत होते. मी घड्याळ बघत होते. एक मिनिट झालं आणि तिचा वेग कमी झाला.

तिने पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं म्हणताना तिने हात उचलून आपल्या मामाकडे दाखवलं. नव्वद डोकी तिकडे वळली. सर उठायला गेले, पण त्यांना उठता आलं नाही, खुर्चीचे हात धरून तसेच राहिले. मग चौथं वाक्य - मग त्याने तिथल्या तरुण शिक्षिकेला विचारलं, ही कार्डं कुणाची?

आणि ती थांबली.

पाचवं वाक्य आलंच नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. सोळा-सतरा वर्षांची पोर, पण ते बघणं मला माहीत होतं. टेबलाशी चूक केली की अक्का तशी बघायची. रागावून नाही, वाट बघत. मला कळलं की ही माझ्यावतीने बोलणार नाही. मी न बोलता बसले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. ती सहल पुरी करून खाली उतरली असती आणि मला पत्र मिळालं असतं.

मी उठले. मी म्हणाले, "ती कार्डं सुमती अक्काची. आमच्या अण्णाच्या लग्नपत्रिकेवर तिने लिहिलेली. मला तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोलले." आधी इंग्रजीत, मग कन्नडमध्ये, आणि शेवटी, तिथे कुणालाही कळत नसताना, मराठीत.

शेवटचा शब्द संपला आणि वाजलं. टण टण.

हॉलभर ऐकू आलं. लोक इकडेतिकडे बघायला लागले. त्या हॉलमध्ये स्टीलचा एकही ग्लास नव्हता, मी नंतर स्वयंपाकघरातसुद्धा जाऊन बघितलं. भव्याचे वडील डेमोचं रेकॉर्डिंग करत होते, त्यातही ते दोन ठोके आहेत. मेघनाच्या पहिल्या शब्दापासून मोजलं तर ते कितव्या मिनिटाला पडतात हे तुम्हाला सांगायला नको.

मेघना मामाला विचारत होती, मी काही चुकले का? तिला फक्त सहल आठवत होती. पालकांनी सरांना घेरलं, एकाने ते पुस्तक हातात घेऊन हे कुणी लिहिलं असं सरळ विचारलं. दोन मिनिटं सलग कसं बोलायचं हे आयुष्यभर शिकवलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य धड निघेना. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही. त्यांच्याकडे आता स्पीकिंगची बॅच नाही, घ्यायची हिंमत होत नाही असं ऐकलं.

त्याच दुपारी मी क्लासच्या कपाटातून साडीचं खोकं काढलं आणि मत्तीकेरेला अक्काच्या वहिनीकडे नेऊन दिलं. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, खोकं घेतलं आणि दार लावलं. आत ये म्हणाली नाही. बरोबरच आहे.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मुलं आपापसात बोलली असतील, मलाच भास झाला असेल, असं म्हणून बघितलं. पण ते रेकॉर्डिंग आड येतं. सरांच्या पत्राशिवाय अर्ज करायचं ठरवून मी या फेब्रुवारीत स्वतः ती परीक्षा दिली. समोर कार्ड आलं, मी बोलायला लागले, दोन मिनिटं होत आली तसे माझे कान टवकारले. परीक्षक बाई थँक यू म्हणाल्या आणि कार्ड परत घेतलं. ठोके वाजले नाहीत. अक्काचा माझ्यावरचा राग संपला, की तिने माझ्याशी बोलणंच टाकलं... ते मला कळलेलं नाही.