अनंताचं मागचं चाक

त्या दिवशी अनंता पहिली शिफ्ट करून धाटावच्या कंपनीतून आला, जेवला, आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरला आणि "पाच मिनटं पडतो गो" म्हणत आतल्या खोलीत गेला. मी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. थोड्या वेळाने काहीतरी घ्यायला आत गेले आणि रोजच्या सवयीने त्याच्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. गार होता. म्हणजे सूज नाही, म्हणजे आदल्या संध्याकाळचे उद्योग पचले. मला बरं वाटलं. मी परत येऊन उरलेली बाही जोडली, चहा ठेवला, हाक मारली... ओ नाही. मी हात लावला तेव्हा तो झोपेत होता की आधीच गेला होता, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. हृदय बंद पडलं, एवढंच म्हणाले. ज्या गुडघ्याला मी एवढी वर्षं जपलं तो अगदी ठणठणीत होता. मला अजून त्या गुडघ्याचा राग येतो, काय सांगू.

लग्नात उखाण्यात एकदा नाव घेतलं, त्यानंतर आमच्यात 'अवो' आणि 'गो' एवढ्यावरच संसार झाला. पण इथे लिहिताना मी त्याला अनंताच म्हणणार, आणि 'ते' न म्हणता 'तो'च म्हणणार. त्याला चाललं असतं. केमिकल कंपनीतला फिटर, चाळिशी कधीच उलटलेली, डोक्यावर केस मोजकेच, आणि संध्याकाळ झाली की हा माणूस बुटक्या सायकलवर बसून कठड्यावरून उड्या मारायचा. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात आमच्या आळीला तो एक करमणुकीचा कार्यक्रमच होता. ती सायकल म्हणजे डोंगरात चालवायची असते तशीच, पण रस्त्यावर, पायऱ्यांवर कसरती करायला केलेली. एकच गिअर, सीट इतकी खाली की बसायला नसल्यातच जमा. त्याला हा नाद लावला नितेशने. नितेश जवळच्या निडी गावचा, त्याच्याच कंपनीतला, वयाने निम्मा. मी सुरुवातीला नितेशला चहासुद्धा देत नव्हते.

खरं तर दोष नितेशचा नाही, कबड्डीचा. लग्नाआधी अनंता गावच्या संघात चढाईला जायचा. एका सामन्यात चौघांनी पाय धरला, गुडघा फिरला आणि खेळ संपला. सासूबाई सांगायच्या, त्यानंतर पोरगा वर्षभर घुम्यासारखा बसला होता, कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायचा. मी घरात आले तेव्हा तो कामावर जायचा, यायचा, हसायचाही, पण सामने असले की दार लावून घ्यायचा. आणि मग इतक्या वर्षांनी ही सायकल. त्यातही त्याला सगळ्यात आवडायचं ते उलटं जाणं. सायकलसकट गर्रकन वळायचं आणि पुढे न जाता मागे मागे घरंगळत जायचं. मी म्हटलं, "अवो, सगळं जग सरळ चाललंय, तुमालाच काय झालंय?" तर म्हणाला, "चढाई मारून येताना पाठ कवा दाखवायची नाय गो. पाठ दाखवली की धरतात. तोंड तिकडं ठेवूनच मागं यायचं." एवढं बोलताना त्याचा चेहरा उजळून निघाला.

पण साध्या सायकलीत एक गोम असते. चाक उलटं फिरलं की चेनसुद्धा फिरते आणि पायडलही उलटी फिरायला लागतात. म्हणजे मागे घरंगळताना पाय आपल्या मर्जीचे नसतात, चाक फिरवील तसे फिरतात. धडधाकट माणसाचं काही जात नाही. ह्याचा गुडघा मात्र रोज रात्री भाकरीसारखा टम्म फुगायचा. बर्फ लाव, शेक दे, मग सकाळी लंगडत बस पकडायला जा. एक दिवस मी निर्वाणीचं सांगितलं, "आता एकदा जरी गुडघा गरम लागला, तर सायकल भंगारात." तो भांडला नाही. खाटेवर बसून पायाकडे बघत म्हणाला, "मग मी काय करू? नुसता शिफ्टला जाऊ नि येऊ?" आणि मान हलवत राहिला... सासूबाईंनी सांगितलेला तो पोरगा मला तेव्हा दिसला. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी मीच नितेशला बोलावून चहा दिला आणि विचारलं की यावर काही इलाज आहे का.

इलाज होता. मागच्या चाकाच्या मधोमध जो हब असतो, तो बदलून फ्रीकोस्टर नावाचा बसवायचा. त्यात चाक खुशाल उलटं फिरतं आणि पायडल जागच्या जागी राहतात. आता इतकं सोपं असतं तर हवं काय होतं? माझ्या कापड कापायच्या टेबलावर मोबाईल ठेवून आम्ही तिघांनी किती संध्याकाळी घालवल्या त्याला गणती नाही. बहुतेक फ्रीकोस्टर लहान चाकांच्या सायकलींसाठी असतात, ह्याच्या सायकलीची मागचं चाक बसायची फट रुंद, त्यामुळे तिथेच अर्धे बाद. शिवाय उलटं जाऊन झाल्यावर पुन्हा पायडल मारलं की पहिला थोडा फेरा फुकट जातो आणि मग चाक पकडतं. हा फुकट फेरा फार ठेवला तर पाय धाडकन खाली जातो आणि गुडघ्याला हिसका. फार कमी ठेवला तर मागे जाताना पाय जरा हलला तरी चाक पायडलला पकडून उलटं ओढतं आणि पुन्हा हिसका. म्हणजे तो कमीजास्त करता येईल असाच हब हवा. तसा एक मिळाला, पण त्याला मागचा डिस्क ब्रेक बसत नव्हता. ब्रेक बसणारा दुसरा होता, त्यात फेरा ठरलेला, आणि तोही भलामोठा. ब्रेकशिवाय मी काही ऐकायला तयार नव्हते. नितेश म्हणाला, "वहिनी, खूप जण बिनब्रेकचेच चालवतात." मी म्हटलं, "त्यांच्या बायका लिहून देऊ देत मला."

तोडगा अनंताने काढला, आणि असा तोडगा तोच काढू जाणे. म्हणाला, "पुढचा ब्रेक हाय ना? मी उलटा चाललो की पुढचं चाक मागं येतं का नाय? मग तोच माझा मागचा ब्रेक." मी नितेशकडे बघितलं. नितेश हसत होता, पण नाही म्हणत नव्हता. मी टेबलावर खडूने दोन चाकं काढली, बाण काढले, खोडले, परत काढले. त्याचं खरं होतं. मग मीच सांगितलं, फेरा बदलता येतो तोच मागवा.

चाकात बसवून घ्यायला पेणला गेलो. माझं माहेर तिथल्याच खाडीकाठचं, मिठागरातलं. हब हातात आल्यावर अनंताने कंपनीतल्या पंपाला भरावं तसं त्यात दाबून जाड ग्रीस भरलं. फिटरच तो, ग्रीस नाही भरलं तर त्याला झोप लागायची नाही. आणि मग माझ्या आईसमोर, भावासमोर, जमलेल्या शेजाऱ्यांसमोर बांधाच्या उतारावर सायकल उलटी सोडली. त्या ग्रीसमध्ये आतले भाग असे चिकटले की पायडल पहिल्यासारखी गरागरा उलटी फिरली आणि आमचा जावई चिखलात आडवा. आई शांतपणे म्हणाली, "जावयाला सरळ चालवता येत नाय का गो?" मी आधी त्याचा गुडघा चाचपला आणि मग हसायला बसले, ती थांबेचना. रोह्याला आल्यावर हब उघडून रॉकेलने धुतला आणि माझ्या शिलाई मशीनचं पातळ तेल घातलं. मग काय विचारता... चाक मागे, पाय गप्प. त्यानंतर तो गुडघा एकदाही गरम लागला नाही. रोज रात्री मी हात लावायची आणि तो मुद्दाम डोळे मिटून विचारायचा, "पास का नापास?"

परवा नितेश आला. सायकल पडवीतच आहे. त्याने हवा भरली, चेन पुसली, आणि कुणाला द्यायची का, असं अवघडत विचारलं. मी म्हटलं, "आधी एकदा सोडून दाखव." आमच्या दारातून रस्ता थेट नदीकडे उतरतो. नितेश दाराकडे तोंड करून उभा राहिला, सायकल सोडली, आणि मान वळवून मागे बघत बघत खाली गेला. बरोबरच गेला, उलटं जाताना असंच बघावं लागतं. पण मला बघवेना. अनंता मान वळवत नसे. जुन्या हबच्या वेळी त्याचे डोळे पायांवर असायचे. फ्रीकोस्टर आल्यावर पायांचा घोर मिटला आणि मागचा रस्ता त्याने माझ्यावर सोपवला. मी पडवीत उभी राहून ओरडायची, "डावीकडं घ्या, म्हस हाय", "सोडा आता, रस्ता रिकामा हाय", आणि तो सगळा वेळ माझ्याकडे बघत, हसत, लांब लांब जायचा. नितेशला मी सांगितलं, सायकल राहू दे. संध्याकाळी अजून मी पडवीत उभी राहते. अनंता तसाच गेला असणार, माझ्याकडे तोंड करून, मी सांगेन या भरवशावर. पण या खेपेला त्याच्या मागे काय आहे ते मला दिसत नाही, आणि मी त्याला काहीच सांगू शकत नाही.