मेजावरचं कुलूप

पवित्र शास्त्रातल्या एका राजाला देव स्वप्नात विचारतो, तुला काय हवं ते माग. राजा धन मागत नाही, लांब आयुष्य मागत नाही, लोकांचा न्याय करता येईल एवढं शहाणपण मागतो. देव खूश होतो आणि न मागितलेली संपत्तीही देऊन टाकतो. माझे यजमान ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. दर वर्षी कापणीच्या सणाला ते याच गोष्टीवर उपदेश करत आणि संपत्ती मिळाली की गोष्ट थांबवत. मंडळीनं त्यातून घ्यायचं ते बरोबर घेतलं होतं: शहाणपण मागितलं की बाकीचं फुकट येतं.

डोंगरकड्याच्या बाजूला आमचं गाव. प्रार्थनेसाठी एकच खोली, मातीच्या भिंतींची, शेणानं सारवलेली. रविवारी तिथं उपासना व्हायची आणि इतर दिवशी दुपारी मी बायकांना वाचायला शिकवायची. दुसरीकडे वर्ग भरवणं शक्य नव्हतं. प्रार्थनेच्या खोलीत जाते म्हटलं की घरचा पुरुष अडवत नसे. वाचायला जाते म्हटलं असतं तर त्याची भाकर कोण थापणार हा मोठा प्रश्न उभा राहिला असता.

वर्गात सगळ्यात नेमानं यायची ती मेंढरं राखणाऱ्या घरातली एक म्हातारी. जोडाक्षरांपर्यंत आली होती. या वयात कशाला हा खटाटोप, असं मी एकदा विचारलं.

"पाळकसाहेब गोष्ट सांगत्यात ना बाई, ती निम्मीच सांगत्यात," ती म्हणाली. "त्या राजाचं पुढं काय झालं, कोन्ही सांगतच न्हाई. मला शेवटपोत पाह्यचं हाय."

लढाईचे दिवस होते. आमच्याच मंडळीतले एक ठेकेदार हिंगोलीला राहत. फौजेला ज्वारी आणि गवत पुरवून ते बघता बघता फुगले होते. त्यांनी खोलीला शहाबादी फरशी घालून द्यायचं ठरवलं. अट एकच: रविवारखेरीज खोलीला कुलूप.

"बाई, तुमच्या वर्गाला बायका लेकरं घेऊन येतात," ते मला म्हणाले. "फरशीवर घाण होते."

"मातीवरही होते," मी म्हटलं. "माती फक्त तक्रार करत नाही."

ते हसले. मोठी माणसं बायकांच्या बोलण्याला हसतात तसं. मंडळीच्या पंचांनी डोळे मिटून देवाकडे शहाणपण मागितलं आणि डोळे उघडायच्या आत फरशी पत्करली. यजमानांनी "आमेन" म्हटलं. त्या रात्री मी त्यांचं ताट वाढलं आणि दिवा घेऊन आत गेले.

सणाच्या आधी फरशी बसली. सणाचा आमच्याकडचा रिवाज असा, की ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं काहीतरी आणून पुढच्या मेजावर ठेवायचं. कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. मेजावर गेलेली वस्तू देवाची झाली. ती परत घ्यायची नाही. उपासनेनंतर तिचा लिलाव, आणि ज्यानं दिली त्यानं बोली लावायची नाही. पैसे नसतील तर धान्यावर, कोंबडीवर बोली चालायची.

ठेकेदार आपल्या मोटारीतून आले. पेट्रोल मिळत नसे म्हणून मागं कोळशाची शेगडी बसवलेली ती मोटार दारात धूर सोडत उभी राहिली आणि अर्धी मंडळी उपासना सोडून तिच्याभोवती जमली. ठेकेदारांनी पितळेचं एक भलंमोठं कुलूप आणलं होतं. त्याला झेंडूची माळ घातलेली. सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी ते चाव्यांसकट मेजाच्या मधोमध, भोपळ्याला बाजूला सारून ठेवलं.

उपदेश झाला. राजानं मागितलं, देवानं दिलं. मग ठेकेदार देवानं केलेल्या उपकारांची साक्ष द्यायला उठले.

"मीही देवाकडे कधी पैसा मागितला नाही," ते म्हणाले. "फक्त शहाणपण मागितलं. आणि देवानं काय केलं?" त्यांनी दाराकडे हात केला. "बाहेर उभी आहे, बघा."

सगळ्यांनी माना वळवून मोटारीकडे पाहिलं आणि "स्तुती असो" म्हटलं. मी पदर नाकाला लावला. कोळशाच्या धुरानंही असेल.

लिलाव सुरू झाला. भोपळा गेला, कणसं गेली. लिलाव पुकारणाऱ्या पंचाचा हात सवयीनं कुलपावर पडला.

"ते राहू द्या," ठेकेदार म्हणाले. "ते लिलावाचं नाही."

"काहून?" मागून म्हातारी बोलली. "मेजावर हाय ना?"

पंचानं ठेकेदारांकडे पाहिलं, ठेकेदारांनी माझ्या यजमानांकडे. यजमानांनी आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मेजावरची वस्तू आहे." ठेकेदारांसमोर त्यांच्या तोंडून निघालेलं, 'साहेब' नसलेलं ते पहिलंच वाक्य.

"माही कोंबडी," म्हातारी म्हणाली.

ठेकेदारांना बोली लावता येत नव्हती. त्यांनी पंचांकडे, आपल्या हुजऱ्यांकडे नजर फिरवली. ज्यांनी आत्ताच मोटारीसाठी देवाची स्तुती केली होती, ते भिंती न्याहाळू लागले.

"अरे, कुणी बोला ना!"

"साहेब," एकजण हात जोडून म्हणाला, "आमच्या घरी कुलूप लावावं असं हाय तरी काय?"

खोली हसली. कुलूप कोंबडीवर गेलं. "चाव्या बी द्या," म्हातारी म्हणाली, आणि माळ काढून तिनं मेजावरच ठेवली.

तो आनंद सोमवारपर्यंत टिकला. सोमवारी हिंगोलीहून दुसरं कुलूप आलं. लोखंडी, पहिल्याहून मोठं. ते मेजावरून गेलं नाही, सरळ दाराला लागलं. चावी एका पंचाच्या कमरेच्या करगोट्याला. मी यजमानांना म्हटलं, आता तरी बोला. ते म्हणाले, "फरशी मात्र गार आहे हो." इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की माझ्या तोंडाची चव जाते.

म्हातारीनं पितळी कुलूप मेंढरांच्या वाडग्याच्या फाटकाला लावलं आणि वर्ग तिथं बोलावला. बाकीच्या बायकांना घरच्यांनी सोडलं नाही. मेंढरांच्या वाडग्यात कसली प्रार्थना, असं त्यांनी विचारलं. उरलो आम्ही दोघी, लेंड्यांच्या वासात.

पुढच्या सणाला तीच गोष्ट, तिथंच थांबलेली. म्हातारी मात्र तोवर पुढं गेली होती. राजाचं सोनं, घोडे, राण्यांचा तांडा, राण्यांच्या परक्या देवांसाठी टेकड्यांवर बांधलेली देवळं, आणि शेवटी त्याच्यावर रुसलेला देव, हे सगळं ती बोट ठेवून, एकेक जोडाक्षर फोडत वाचत होती. त्या दुपारी ती तिथं पोचली आणि थांबली.

"एवढं शहाणपन देल्लं होतं," ती म्हणाली, "अन् ह्यानं त्याचं काय केलं पाहा."

"आता कळलं, गोष्ट निम्मीच का सांगतात ते?" मी विचारलं.

"व्हय." तिनं बोट पुन्हा ओळीवर ठेवलं. "पुरी सांगितली तर फरशी उखडावी लागंल ना, बाई."