नानांचा झेंडू

"पडदा हिरवा हाय. हिरवा." नाना ओरडत होते, आणि आमच्या टीव्हीवरच्या खिडकीचा पडदा राखाडी होता, कारण सिनेमाच काळा-पांढरा होता.

आईने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, नाना?"

"शेठ नवा श्रीमंत हाय. नवा श्रीमंत हिरवाच पडदा लावतो. पुढं बघा, वहिनी."

नाना आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीचे फूलवाले. पूर्वी तिथे त्यांचाच मळा होता; आमच्या बाथरूमच्या जागी शेवंती होती, हे ते नेमकं पाहुण्यांसमोर सांगत. आवाज असा, की सकाळी त्यांनी 'फुलं' म्हटलं की तिकडे पेठच्या घाटात म्हशी माना वर करत. हार कोमेजलाय म्हणून कुणी घासाघीस केली, तर म्हणत, "शिळा म्हणू नका. दमलाय म्हणा." आता नाना नाहीत. फुलांची पुडी मुकाट्याने दाराला लटकवलेली असते. म्हशींनाही चुकल्यासारखं होत असणार.

तर तो सिनेमा. हातगाडीवरून गिरणीपर्यंत चढलेल्या आणि तिथून थेट खाली आलेल्या एका शेठचा. नानांना त्याच्या चढण्यापडण्याशी घेणंदेणं नव्हतं; त्यांना मधलं एकच दृश्य हवं होतं. शेठ गिरणी विकत घेऊन गावी परततो आणि स्टेशनवर गर्दी त्याला हारांनी झाकून टाकते. ते देवळालीला घेतलं होतं, आणि झेंडू नानांच्या मळ्यातला. शेठ गाडीतून इतक्या वेळा उतरला, की ड्रायव्हरला वाटलं देवळाली आता संपतच नाही. हारांच्या ओझ्याने नटाची मान जी वाकली ती वाकलीच. सिनेमाच्या शेवटी जी मान बघून लोक रडले, ती सगळी झेंडूची करामत. हे मी नानांपेक्षा दोन मण कमी करून सांगतोय.

त्या गर्दीत टोपली घेऊन त्यांची नवी नवरी उभी होती, शांताकाकू. "थेटरात दावायला नेली, तर पदरात तोंड खुपसून बसली. सोताला बघितलंच नाय." काकू गेल्यावर लक्षात आलं, घरात त्यांचा एकही फोटो नाही. चेहरा उरला होता तो त्या सिनेमात, तेवढाच.

मग त्या सिनेमासाठी नाना केबलवाल्याच्या टपरीवर रोज हार घेऊन जाऊ लागले. एक देवाला, एक केबलवाल्याला. त्याने मुंबईहून कॅसेट मिळवून केबलवर लावली, तोवर लोक टपरीबाहेर चपला काढायला लागले होते.

शेठने गिरणीच्या कागदांवर सही केली. नाना टीव्हीच्या इतके जवळ सरकले, की अर्धा सिनेमा आम्ही त्यांच्या टोपीवर बघितला. "आता गाडी येईल," ते म्हणाले, या वेळी हळू.

पुढच्याच क्षणी शेठ बंगल्यात उभा होता, गळ्यात एक हार. कॅसेट भरणाऱ्याने सिनेमा एका कॅसेटात बसवायला अख्खं स्टेशन कापून टाकलं होतं.

नाना उठले नाहीत. शेठची गिरणी गेली, बंगला गेला, माणसं गेली. नानांनी एकाही वस्तूचा रंग सांगितला नाही. सिनेमा संपल्यावर आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"नाना, पूर्ण कॅसेट असेल कुठेतरी. मागवू आपण."

"ऱ्हाऊ द्या, वहिनी," नाना म्हणाले. "तिला गर्दी आवडायची नाय."