विसावं नाव

ते पत्र आलं तेव्हा माझ्यासमोर यादी होती आणि यादीत एकोणीस नावं होती. विसावं नाव मिळालं की तुकडी सुरू होणार होती. निधी देणाऱ्या कंपनीची अटच तशी होती: महिनाअखेरपर्यंत वीस माणसं, नाहीतर मंजुरी रद्द. समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांवर काम करायला किनाऱ्यावरची माणसं तयार करायची, असा तो कार्यक्रम. मी मालवणजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकवतो. कार्यक्रम माझ्याकडे होता.

कंपनीचं ते पत्र लहान होतं. आमच्या माणसांना ज्या प्रकल्पावर घेणार होते तो अनिश्चित काळासाठी पुढे गेला आहे. प्रशिक्षण मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण करावं. मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. त्या वेळी मला काय वाटलं ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. चहा प्यायलो एवढंच आठवतं.

दोन वर्षं मी त्या निधीच्या मागे होतो. आवारात चढायच्या सरावासाठी लोखंडी मनोरा उभा राहिला होता. तुकडी झाली नसती तर कंत्राटावरच्या दोन शिक्षकांना घरी जावं लागलं असतं. ही कारणं खरी आहेत. पण त्या दुपारी किनाऱ्यावर जाताना मी त्यांचा विचार करत नव्हतो. मला एक नाव हवं होतं.

किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकतात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या वीसपंचवीस माणसं वाळूवर उभी राहून ओढतात. प्रत्येकाची दोरीवर जागा असते आणि जागेला मासळीचा वाटा. तिथला एक जण, चाळिशीच्या आतला, विजेची कामंही जाणणारा, आधी दोनदा चौकशी करून गेला होता. मला बघून तो दोरी सोडून आला.

"नोकरी नक्की मां, सर? माका जागा सोडूची लागतली."

मागून कोणीतरी ओरडलं, "जा रे, वर चढान बसलंस की थयसून आमका वारो घाल."

सगळे हसले. तो माझ्याकडे बघत राहिला.

"नोकरी नक्की आहे," मी म्हटलं. "प्रशिक्षण संपलं की थेट नेमणूक."

"सर एकदम ऑफिसातला बोलूक लागले," तो हसत म्हणाला, आणि अर्जावर सही केली.

तो चांगला शिकला. मनोऱ्यावर सगळ्यांत आधी तोच चढायचा. एकदा वरून म्हणाला, "सर, गावात फोन करा. थय पाणी काळवंडला हा, बांगडे इलेत." खालून दुसऱ्याने सुनावलं, "मेल्या, आधी हूक लाव. बांगडे खंय पळनत नाय." मीही हसलो होतो. त्या दिवशी पत्र खणात येऊन दीड महिना झाला होता.

प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले. मग फोन सुरू झाले. मी प्रत्येकाला "कळवतो" म्हणायचो. पुढेपुढे ते म्हणताना जीभही जड होईना. पाऊस संपला, रापण पुन्हा सुरू झाली आणि तो किनाऱ्यावर परत गेला. त्याच्या जागी दुसरा माणूस उभा होता. याला दोरीच्या शेवटी, रोजंदारीवर घेतलं.

एका सकाळी त्याची बायको संस्थेत आली. बसली नाही.

"तुमी येवन रापणीच्या म्हाताऱ्याक सांगा," ती म्हणाली. "आपल्या मनान गेलो तर जागा जाता. कोणी फसवन न्हेल्यान तर जागा धरतत. आमचो नियम तुमका म्हायत नाय?"

"म्हायत आसा," मी म्हटलं. पंधरा वर्षं मी त्या गावात राहतो. अर्जावर त्याची सही घेतली तेव्हाही मला तो नियम माहीत होता.

दुसऱ्या दिवशी गेलो. जाळं अर्ध्यावर आलं होतं. रापणीचा म्हातारा, जो जागा देतो आणि वाटे पाडतो, पाण्यात गुडघाभर उभा होता. कोणाशी बोलायला वेळ नव्हता, म्हणून मीही दोरीला हात लावला. माझ्यापुढे तो होता, यादीतलं विसावं नाव. त्याने मान वळवली आणि परत समोर बघितलं. ओली दोरी तळहातांना काचत होती. मी ओढत राहिलो.

जाळं वर आल्यावर म्हाताऱ्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"मास्तर, काम नाय ह्या तुमका कधी कळला? त्याका न्हेवच्या आधी की मागसून?"

सगळे ऐकत होते. त्याची बायको टोपली घेऊन उभी होती.

"मागाहून," मी म्हटलं. "तुकडी संपल्यावर."

म्हाताऱ्याने मान हलवली. "मग तुमचो काय दोष. तो आपल्या मनान गेलो. जागा धरूक येवची नाय."

बायको टोपली उचलून मासळीकडे गेली. मी निघालो तेव्हा म्हाताऱ्याने त्यालाच हाक मारली, मास्तरांना बांगडे दे म्हणून. दोरीला ज्याचा हात लागला त्याला रिकामं पाठवत नाहीत. त्याने चार बांगडे पिशवीत घालून माझ्यापुढे धरले. मी नको म्हणालो.

"हात लागलो मां दोरीक," तो म्हणाला. "घेवा."

मी घेतले. घरी बांगड्यांचं तिखलं झालं. मी दोन वेळा भात घेतला.

पत्र अजून खणात आहे. ते घेऊन म्हाताऱ्याकडे जायचं, असं हे लिहायला बसताना ठरवलं होतं. आता लिहून झालं. तसा वेळ आहे, रापण मे अखेरपर्यंत चालते.